थांबा म्हणणारे इंजिनिअर

गळीत हंगाम सुरू झाला की संगमनेरच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या दिसू लागतात. शाळेतून घरी निघालेली पोरं गाडीमागे पळतात आणि एखादं टिपरू ओढून काढतात. हा उद्योग ज्यानं केलाय त्याला त्यातली मेख ठाऊक असते. एका जागी उभं राहून हात घातला तर हाताला नुसतं पाचट लागतं. गाडी पुढे कुठं असेल याचा अंदाज घेऊन आधीच पळायला लागायचं, गाडीच्या वेगाशी आपला वेग जुळवायचा, मग ऊस अलगद सुटून येतो.

मंगळावर यान पाठवणाऱ्यांचं गणित याच जातीचं आहे. फक्त तिथं आपण स्वतःही दुसऱ्या धावत्या गाडीत बसलेले असतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं फिरते, मंगळ सुमारे २४ किलोमीटर वेगानं. कमी इंधनात एकीवरून दुसरीवर पोचता येईल अशी दोन्ही गाड्यांची जुळणी साधारण २६ महिन्यांतून एकदा होते आणि काही आठवडेच टिकते. या मुदतीला ‘लाँच विंडो’ म्हणतात. ती हुकली की पुढची दोन वर्षं यान झाकून ठेवायचं.

आपलं मंगळयान निघालं ते २०१३ सालच्या दिवाळीत. ५६ तास ३० मिनिटांची उलटी मोजणी ३ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सुरू झाली. पाडवा मोजणीतच गेला. ५ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी पीएसएलव्ही-सी २५ हे रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडालं. त्या तीन दिवसांत कितीतरी इंजिनिअरांच्या घरी दिवे लागले, पण ते स्वतः घरी नव्हते.

खरं तर हे उड्डाण २८ ऑक्टोबरला व्हायचं होतं. ते पुढे गेलं दोन जहाजांमुळे. या मोहिमेत रॉकेटचा तिसरा टप्पा विझल्यावर चौथा पेटेपर्यंत सुमारे २५ मिनिटं यान नुसतं तरंगत जाणार होतं आणि चौथा टप्पा पेटणार होता दक्षिण प्रशांत महासागरावर. तिथं खाली जमीन नाही, त्यामुळे अँटेना लावायला जागाही नाही. म्हणून ‘नालंदा’ आणि ‘यमुना’ या दोन जहाजांवर अँटेना बसवून ती फिजीच्या बाजूला पाठवली होती. खराब हवामानामुळे पोचायला उशीर झाला. त्यांच्याविना रॉकेट उडालं असतं का? उडालं असतं. पण चौथा टप्पा नीट पेटला की नाही, हे त्या क्षणी कुणालाच दिसलं नसतं. विंडो १९ नोव्हेंबरला संपणार होती, तरी आठवडाभर थांबायचं ठरलं. उड्डाणानंतर सुमारे ४४ मिनिटांनी यान रॉकेटपासून वेगळं झालं, तेव्हा त्याचे संकेत याच जहाजांनी टिपले.

त्या ४४व्या मिनिटाला लाँच इंजिनिअरचं काम संपलं. पुढचे दहा महिने आणि २४ सप्टेंबर २०१४ ची मंगळाच्या कक्षेतली सकाळ दुसऱ्या चमूची. वर्तमानपत्रातला फोटोही त्यांचा. रॉकेट सुखरूप सोडून देणाऱ्यांबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं, म्हणून हा लेख. त्यांचं काम ‘बटण दाबणं’ आहे असा समज आहे. मला विचाराल तर या नोकरीचा प्राण बटणाच्या दुसऱ्या बाजूला आहे. सगळी तयारी झालेली, अख्खा देश टीव्हीसमोर बसलेला, आणि तरीही ‘थांबा’ म्हणता येणं.

मोजणीच्या आत काय चालतं

उलटी मोजणी म्हणजे घड्याळ उलटं चालवणं एवढंच नाही. ती कामांची लांबलचक यादी असते, प्रत्येक कामाला वेळ नेमून दिलेली. उदाहरणार्थ, द्रवरूप टप्प्यांत इंधन भरणं. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात एका टाकीत हायड्रॅझिनच्या कुळातलं इंधन आणि दुसरीत नायट्रोजन टेट्रॉक्साइड असतं. दोन्ही विषारी, आणि एकमेकांना भेटताच पेट घेणारी. काडी लावावी लागत नाही. ही भरणी होते तेव्हा जवळ जाणारी माणसं नखशिखांत बंद पोशाखात असतात. एलव्हीएम-३ सारख्या मोठ्या रॉकेटच्या वरच्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन भरतात, तो उणे २५३ अंशांना. त्याच्यासोबतचा द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना. इतक्या थंडीत धातू आकसतो, आणि नळीचा जो सांधा खोलीतल्या तापमानाला पक्का बसलेला असतो तो ढिला पडू शकतो. म्हणून गळती बहुधा भरणी चालू असतानाच उघडी पडते, उड्डाणाला तास-दोन तास राहिलेले असताना.

दुसरीकडे हवामानाची माणसं फुगे सोडत असतात. जमिनीवर पान हलत नसलं तरी दहा-बारा किलोमीटर उंचीवर वारा जोरात असू शकतो. तो आडवा बसला तर रॉकेटचं लांबलचक अंग वाकवू पाहतो. त्या दिवशीच्या वाऱ्याचं मोजमाप घेऊन रॉकेटनं कधी, किती कलायचं याचा कार्यक्रम ठरवला जातो.

एक कक्ष असतो रेंज सेफ्टीचा, म्हणजे सुरक्षेचा. रॉकेटचा मार्ग ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला तर ते हवेतच उडवून देण्याची आज्ञा इथून जाते. २५ डिसेंबर २०१० ला जीएसएलव्ही-एफ ०६ चं नियंत्रण सुटलं आणि ते बंगालच्या उपसागरावर नष्ट करावं लागलं. वर्षानुवर्षं राबून केलेलं रॉकेट स्वतःच्या हातानं फोडायचं, तेही काही सेकंदांत ठरवून! या खुर्चीवर बसणाऱ्याच्या मनाची तयारी कशी होत असेल, याचा मी बरेचदा विचार करतो.

शिवाय आता अवकाशातला कचराही बघावा लागतो. चांद्रयान-३ चं उड्डाण १४ जुलै २०२३ ला दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी झालं, पण ठरल्या वेळेपेक्षा चार सेकंद उशिरा. वर फिरणाऱ्या एका वस्तूशी टक्कर होण्याची शक्यता दिसली म्हणून चार सेकंद थांबायचं ठरलं होतं.

शेवटची काही मिनिटं मोजणी संगणकाच्या हाती जाते. तो शेकडो मोजमापं बघतो: दाब, तापमान, व्होल्टेज, झडपा. एखादं मर्यादेबाहेर गेलं की तो कुणाला न विचारता मोजणी थांबवतो. ही समज त्याला माणसांनीच महिनोन्‌महिने आधी दिलेली असते.

एका सेकंदाची गोष्ट

२८ मार्च २००१. जीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण. या रॉकेटच्या मधल्या खांबात घनरूप इंधन आणि भोवती द्रवरूप इंधनाची चार इंजिनं. घन इंधनाचा स्वभाव दिवाळीच्या अनारासारखा: एकदा वात लागली की संपेपर्यंत जळणार, मध्ये विझवता येत नाही. द्रवरूप इंजिनाची झडप बंद केली की ते थांबतं. म्हणून रचना अशी केली होती की आधी चार द्रवरूप इंजिनं पेटवायची, ती पुरेसा जोर लावतायत का ते काही सेकंद तपासायचं, आणि मगच मधला घन टप्पा पेटवायचा.

त्या दुपारी चारही इंजिनं पेटली. ज्वाळा दिसल्या, धुराचे लोट उठले. पण एक इंजिन पुरेसा जोर लावत नव्हतं. उड्डाणाला जेमतेम सेकंद उरलेला असताना संगणकानं सगळं बंद केलं आणि रॉकेट पॅडवर उभंच राहिलं. ज्यांनी तो क्षण टीव्हीवर पाहिला त्यांना ते अपयश वाटलं. पण उलट घडलं असतं तर? मधला टप्पा पेटल्यावर परतीची वाट नव्हती. तीन पायांवर धावणारं ते धूड पॅडसकट सगळं घेऊन बसलं असतं. रॉकेट वाचलं, पॅड वाचलं, आणि २१ दिवसांनी, १८ एप्रिलला, जीएसएलव्ही उडालं. पेटवण्याचा क्रम ठरवणाऱ्या इंजिनिअरांनी ते रॉकेट कागदावर असतानाच वाचवून ठेवलं होतं. माझ्या लेखी इस्रोच्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर कामगिऱ्यांपैकी एक आहे.

याच्या उलट उदाहरण डॉ. अब्दुल कलामांनी स्वतः अनेकदा सांगितलं. १० ऑगस्ट १९७९, एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण, कलाम मोहिमेचे प्रमुख. शेवटच्या काही मिनिटांत संगणकानं मोजणी थांबवली. तज्ज्ञांनी आकडे बघितले, चालेल म्हणाले, आणि कलामांनी संगणकाला बाजूला सारून उड्डाण केलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणात बिघाड झाला आणि रॉकेट समुद्रात गेलं. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, त्याच जातीचं रॉकेट यशस्वी झालं. आपली चूक कलाम पुढे तरुणांच्या सभांमध्ये उघडपणे सांगत राहिले, हे मला त्यांच्या मोठेपणाचं खरं माप वाटतं.

आणि १५ जुलै २०१९ ची पहाट. चांद्रयान-२ दोन वाजून ५१ मिनिटांनी निघणार होतं. राष्ट्रपती रामनाथ कोविंद श्रीहरिकोट्यात हजर होते. ५६ मिनिटं २४ सेकंद उरलेले असताना घड्याळ थांबलं: रॉकेटच्या यंत्रणेत बिघाड. राष्ट्रपती आले आहेत म्हणून कुणी दडपून नेलं नाही. २२ जुलैला उड्डाण झालं आणि पुढचं वेळापत्रक आवळून उतरण्याची तारीख ७ सप्टेंबरच ठेवली गेली. तो लँडर चंद्रावर आदळला हे खरं, पण ऑर्बिटर कक्षेत नीट पोचला, आणि २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या लँडरनं त्याच्याशी संपर्कही जोडला.

अमेरिकेत २८ जानेवारी १९८६ ला असं थांबणं झालं नाही. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी बजावलं होतं की एवढ्या थंडीत सांध्यांतल्या रबरी कड्या कडक होतील. त्यांच्यातल्या अॅलन मॅकडॉनल्ड यांनी संमतीपत्रावर सही करायला नकार दिला. सही दुसऱ्यानं केली. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी चॅलेंजर हे यान फुटलं आणि सात अंतराळवीर गेले.

उसाचा कारखाना ते चंद्र

सांध्यांचा विषय निघाला म्हणून आपल्या मुलखाकडे येतो. चांद्रयान-३ च्या एलव्हीएम-३ रॉकेटला दोन्ही बाजूंना जे जाडजूड बूस्टर होते, ते एस-२०० म्हणून ओळखले जातात. ३.२ मीटर व्यासाचे, सुमारे २५ मीटर उंच, प्रत्येकात २०० टनांहून जास्त घन इंधन. हे पोलादी नळकांडं अखंड नसतं, तुकड्यांत बनवून जोडतात. हे तुकडे जिथं बनतात त्यातलं एक गाव म्हणजे पुणे जिल्ह्यातलं वालचंदनगर, इंदापूर तालुक्यात. वालचंद हिराचंदांनी वसवलेलं, उसाच्या मळ्यांमधलं. तिथली वालचंदनगर इंडस्ट्रीज साखर कारखान्यांची यंत्रं बनवत आली आहे आणि एसएलव्ही-३ च्या काळापासून इस्रोसाठी रॉकेटची नळकांडीही. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात रॉकेटचं ‘विकास’ इंजिन तयार होतं. चंद्राचा रस्ता श्रीहरिकोट्याच्या आधी महाराष्ट्रातल्या वर्कशॉपांतून जातो.

संगमनेरला साखर कारखाना काय असतो ते सांगावं लागत नाही. हंगामाआधी बॉयलरची पाण्याच्या दाबाची चाचणी होते. आतून दाब देतात, दाबमापकाचा काटा चढत जातो आणि फिटर प्रत्येक जोडावरून नजर फिरवतो, कुठं घाम फुटलाय का बघतो. हा त्यांचाच शब्द: सांध्यातून पाण्याचा बारीकसा ओलावा दिसला की ‘घाम आला’. अग्निप्रदीपनाचा नारळ त्यानंतर फुटतो. रॉकेटचं नळकांडंही इंधन भरण्याआधी असंच आतून दाब देऊन तपासलं जातं. पोलाद वेगळं, दाब वेगळा, मोजायची साधनं फार सूक्ष्म. पण ‘घाम आलाय, पुढं जायचं नाही’ असं सांगणाऱ्या माणसाची वृत्ती दोन्हीकडे एकच असते.

त्या नळकांड्यात भरायचं घन इंधन भारतात तयार झालं त्यामागे एक मराठी माणूस आहे: डॉ. वसंत गोवारीकर. जन्म पुण्याचा, १९३३ चा. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला त्यांनी संशोधन केलं, आणि परत येऊन १९६७ मध्ये केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्रात रुजू झाले. तिथल्या इंधनाच्या कामाची घडी त्यांनी बसवली. १९७९ ते १९८५ ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते, म्हणजे एसएलव्ही-३ च्या यशाच्या वेळी त्या केंद्राची धुरा त्यांच्याकडे होती. मराठी वाचक त्यांना मान्सूनच्या अंदाजासाठी जास्त ओळखतो. पण त्यांच्या चमूनं बसवलेल्या पायावरच आजचा दोनशे टनी बूस्टर उभा आहे.

दुसरे प्रमोद काळे, तेही मूळ पुण्याचे. १९६३ मध्ये रॉकेट उडवण्याचं शिक्षण घ्यायला नासाकडे जी मोजकी भारतीय मुलं गेली, त्यात काळे होते, कलाम होते, आर. अरवमुदन होते. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून पहिलं नायकी-अपाची रॉकेट उडालं, त्याआधी क्रेनमधून तेल गळायला लागलं आणि रॉकेट माणसांनी अंगमेहनतीनं लाँचरवर चढवलं. अशा दिवसांपासून सुरुवात केलेले काळे पुढे इस्रोच्या अहमदाबादच्या आणि मग तिरुवनंतपुरमच्या केंद्राचे संचालक झाले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या कामावर जायचं कसं

संगमनेरात अमृतनगरला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गावोगावची मुलं तिथं शिकतात आणि बहुतेकांची नजर पुण्याच्या कंपन्यांवर असते. त्यांना मला काही ठोस गोष्टी सांगायच्या आहेत.

इस्रो इंजिनिअरांची भरती ‘सायंटिस्ट/इंजिनिअर एससी’ या पदावर करते. इथं ‘एससी’ हे श्रेणीचं नाव आहे, आरक्षणाशी त्याचा संबंध नाही. जाहिराती प्रामुख्यानं मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर शाखांच्या निघतात. पदवीला किमान ६५ टक्के लागतात, मग लेखी परीक्षा, मग मुलाखत. मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून, वर भत्ते. मुलाखतीत मूळ विषय खोदून विचारतात, त्यामुळे ‘एरोस्पेसच हवं’ म्हणून घर विकून खासगी कॉलेजात जाण्याची गरज नाही. साधं मेकॅनिकल नीट शिका. दुसरी वाट बारावीनंतरची: तिरुवनंतपुरमला २००७ मध्ये सुरू झालेली अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान संस्था, आयआयएसटी. प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डमधून होतो.

तिसऱ्या वाटेबद्दल कुणी बोलत नाही. आयटीआय झालेले फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि डिप्लोमावाले यांच्यासाठीही इस्रोच्या केंद्रांच्या जाहिराती निघतात. लाँचपॅडवर पाना हातात धरणारा माणूस हा असतो. बापानं कारखान्यात बॉयलरवर काम केलं आणि मुलानं श्रीहरिकोट्यात इंधनाच्या नळ्या सांभाळल्या, तर मला त्यात अंतर दिसत नाही.

नासाचं स्वप्न बघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. अमेरिकेत रॉकेटचं तंत्रज्ञान शस्त्रास्त्र-निर्यातीच्या कडक नियमांखाली येतं. लाँचच्या कामावर जायला बहुतेक ठिकाणी नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो. हे आधी कळलेलं बरं.

काम पुढे भरपूर आहे. चांद्रयान-४ आणि शुक्राची मोहीम यांना केंद्रीय मंत्रिमंडळानं १८ सप्टेंबर २०२४ ला मंजुरी दिली. शुक्राची विंडो साधारण १९ महिन्यांनी येते आणि आपलं लक्ष्य २०२८ सालचं आहे. स्कायरूट, अग्निकुल अशा खासगी कंपन्याही श्रीहरिकोट्याहून रॉकेट उडवू लागल्या आहेत.

एकदा बघून या

संगमनेरात अंगणात निवांत बसलेला माणूसही पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताशी सुमारे १,५७५ किलोमीटर वेगानं पूर्वेकडे चाललेला असतो. श्रीहरिकोटा विषुववृत्ताला आपल्यापेक्षा जवळ, म्हणून तिथं हाच वेग १,६२५ च्या वर जातो. पूर्वेला उडणाऱ्या रॉकेटला तो फुकट मिळतो, आणि पूर्वेला सगळा समुद्र, त्यामुळे विझलेले टप्पे कुणाच्या डोक्यावर पडत नाहीत. पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामधल्या या बेटाची निवड उगाच झालेली नाही. ९ ऑक्टोबर १९७१ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं.

२०१९ पासून तिथं सर्वसामान्यांना उड्डाण बघण्यासाठी गॅलरी आहे. इस्रोच्या संकेतस्थळावर उड्डाणाआधी नोंदणी सुरू होते आणि जागा भराभर संपतात. शिर्डीहून चेन्नईला आठवड्याची गाडी आहे, चेन्नईहून सुल्लुरपेटा स्टेशन गाठायचं, तिथून श्रीहरिकोटा जवळच. दहावी-बारावीतल्या पोराला किंवा पोरीला घेऊन जरूर जा. फक्त परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. दोन दिवस जास्तीची रजा ठेवा, मोजणी थांबू शकते.